बेडकाचं दूध

बेडूक स्वच्छ असतो, घाण करतो तो माणूस, असं समिधा राऊळचं ठाम मत होतं. आंबोलीच्या उभयचर केंद्रात तिनं उमेदीची वर्षं बेडकांच्या संगतीत काढली होती आणि तिथे तिला कधी नाकाला रुमाल लावावा लागला नव्हता. घरी मात्र रुमाल खाली यायचा नाही. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती पीत नसे. कोथिंबीर इतकी धुवायची की तिचा वासही धुऊन जायचा. लग्नात निनादनं अर्धा खाऊन तिच्या तोंडात घातलेला लाडू तिनं हसतमुखानं गालात धरून ठेवला आणि फोटो निघाल्याबरोबर मोरीत जाऊन थुंकला. ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, कारण सासूबाईंनी, म्हणजे शेवंतीबाईंनी, ती मोरीच्या दारातून स्वतः पाहिली होती आणि घरोघर जाऊन सांगितली होती.

अशा बाईच्या हाताखाली केंद्रानं अॅमेझॉनचे दुधाळ बेडूक दिले होते. दिसायला देखणा प्राणी. निळसर राखाडी अंगावर काळपट पट्टे, सोनेरी डोळे आणि बोटांच्या टोकांना गोल गाद्या. त्या जंगलात तो उंच झाडांवरच राहतो, खाली जमिनीवर सहसा उतरत नाही. धरला, दाबला, की पाठीतून पांढरा चीक सोडतो. दुधासारखा दिसतो म्हणून दूध म्हणायचं. लागला हाताला तर सुटता सुटत नाही, आणि जिभेला लागला तर साप तोंड वासून बाजूला होतो.

इथले बेडूक बंदिवासात वाढलेल्या जोड्यांची पिलावळ होती. त्यांच्यासाठी काचघरात दिवसा रात्र केली होती, म्हणजे काम करणाऱ्यांना जागरण नको. फणसाचे ओंडके कोरून, त्यांत पाणी भरून ढोल्या केल्या होत्या. नर ढोलीत बसून हाका मारी. मादी येई, अंडी घाली, चालती होई. इथपर्यंत ठीक; असे संसार माणसांतही दिसतात. पण अंड्यांतून पिलं बाहेर आली की त्या अंधाऱ्या पाण्यात त्यांना खायला काय? तर बाप पुन्हा हाका मारायला बसायचा. पुन्हा एक मादी भुलून यायची, अंडी घालायची, आणि ती अंडी पिलं खायची. सावत्र म्हणा, सख्खी म्हणा, भावंडंच ती. बाप शेजारी पाण्यात डोळे मिटून.

समिधानं हे कॅमेऱ्यात पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी तिला डबा गेला नाही. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. त्यानंतर त्या घरात साबुदाणा शिजला नाही आणि शेवंतीबाईंनी आपली संकष्टी रताळ्यावर भागवली. सुनेला शिव्या घातल्या, पण भागवली.

"तुम्हाला किळस आली, ते बरोबरच आहे," केंद्राचे प्रमुख डॉ. अर्जुनवाडकर तिला म्हणाले होते. उंच, वाकलेला, बोलताना चष्मा पुसणारा माणूस. "पण या पिलांना का येत नाही? अंड्यांवर मादीचा तोच कडू चीक असतो. ज्याला साप तोंड लावत नाही, ते ही पोरं मिटक्या मारत खातात. कसं काय?"

या एका प्रश्नाच्या मागे ते लागले आणि उत्तर त्यांना ढोलीच्या पाण्यात सापडलं. पिलांच्या तोंडाच्या कातडीतून एक अगदी लहान प्रथिन पाझरतं. ते मेंदूपर्यंत जातं आणि शिसारी बंद करतं. भूक राहते, चव राहते, फक्त 'थुंकून टाक' हा हुकूम सुटत नाही. मग डॉक्टरांनी ते प्रथिन यीस्टच्या टाक्यांत बनवायला घेतलं, उंदरांना दिलं, आणि काही वर्षांनी माणसांना.

माणसाच्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, खोल एक घडी असते. तिला इन्सुला म्हणतात. नासकं दूध जिभेवर आलं की ही घडी जागी होते. पोट ढवळतं, नाक आक्रसतं, वरचा ओठ उचलला जातो. विषापासून जीव वाचवायला निसर्गानं ठेवलेली ही राखण. माणसानं पुढे या राखणदाराला आणखी एक काम लावलं. कुणी आंधळ्याच्या वाटीतले पैसे उचलले असं ऐकलं तरी तीच घडी जागी होते आणि तोच ओठ उचलला जातो. अमक्याचं तोंड पाहावंसं वाटत नाही, असं आपण म्हणतो ते उगाच नाही. डॉक्टरांनी त्या प्रथिनाचे थेंब केले, ते या घडीला झोपवत. वास यायचा, तो वाईट आहे हेही कळायचं. पण ते कळणं आणि आज बुधवार आहे हे कळणं, यांत फरक उरायचा नाही.

थेंबांना 'सुसह्य' असं नाव मिळालं. सकाळी नाकात सोडायचे, दिवसभर निभावतात. लोकांनी मात्र त्यांना बेडकाचं दूधच म्हटलं. त्यात दूध नव्हतं आणि बेडूकही नव्हता, पण लोकांना कोण समजावणार?

त्याच सुमारास शेवंतीबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. बोलणं तेवढं शाबूत राहिलं, आणि ते गेलं असतं तर त्या झटक्यालाच त्यांनी शिव्या घातल्या असत्या. निनादनं सेवेला बाई ठेवली. ती गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. निनाद एका मोठ्या रिसॉर्टचा व्यवस्थापक, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. राहिली समिधा.

तिनं केलं. केलं नाही असं कुणी म्हणू नये. ओठ घट्ट मिटून, श्वास कोंडून तिनं सासूला पुसलं, धुतलं, कपडे बदलले, आणि प्रत्येक वेळी संपल्याबरोबर मोरी गाठली. भिंतीपलीकडून तिचं ओकणं शेवंतीबाईंना स्वच्छ ऐकू यायचं.

मग शेवंतीबाईंनी जेवण सोडलं.

"आई, दोन घास तरी घ्या. पेज आहे."

"नको गो. भूक नाय."

"काल पण नव्हती."

शेवंतीबाईंनी छताकडे पाहिलं. "खाल्ला काय पोटात जाता. पोटात गेला काय भायर येता. आणि भायर इला काय तू मोरीत जावन ओकतंस. तुझी आतडी भायर पडतली एक दिवस. त्यापरीस मी नाय जेवलंय तर काय बिघाडता?"

समिधानं पेजेची वाटी खाली ठेवली. आयुष्यभर नाकानं कांदे सोलले म्हणून गावानं आपली टिंगल केली, ते चाललं. पण आपल्या नाकापायी एक म्हातारी उपाशी मरायला निघाली आहे, हे तिला सहन होईना. तिला स्वतःचीच इतकी शरम वाटली की ती तिथेच रडली. दुसऱ्या दिवशी तिनं केंद्रातून सुसह्यची बाटली आणली.

आणि काय सांगावं! जादूच. ती सासूला स्वच्छ करत होती आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होती. मोरीकडे पाय वळले नाहीत. शेवंतीबाई तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिल्या. नाक मुरडलेलं नव्हतं, ओठ मिटलेले नव्हते. त्या दुपारी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली. थोडी उरली ती, टाकायची कशाला म्हणून, समिधानं त्याच चमच्यानं खाऊन टाकली.

"माझा उष्टा खाल्लंस तू?" शेवंतीबाईंनी विचारलं. त्यांच्या शाबूत डोळ्यातून पाणी उशीवर गळलं. "माझ्या पोटच्या चेडवान कधी खाल्ला नाय ता."

समिधाला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. पेज बरी लागली होती.

वर्षभरात थेंब घराघरांत शिरले. आधी दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत, तिथे ते देवासारखे पावले यात शंका नाही. मग इतरत्र. गटारं उपसायची यंत्रं नादुरुस्त पडली ती पडूनच राहिली. माणसाच्या नाकात थेंब टाकले की माणूस उतरतो, मग यंत्राला तेल कशाला? मटणाच्या दुकानातले पडदे गेले, आणि माश्या हाकायचेही कष्ट कुणी घेईना. हॉटेलात कालचा रस्सा आज, आजचा परवा. बातम्यांत कुणी नेता काय करताना सापडला ते दाखवत, आणि लोक चहात बिस्किट बुडवत पाहत. निषेध करायला रस्त्यावर यायचं तर आधी पोटात काहीतरी ढवळावं लागतं. तेच ढवळेना. चीड येई, पण शिसारीशिवायची चीड फार वेळ टिकत नाही, असं लोकांना हळूहळू दिसून आलं आणि तेही त्यांना चाललं.

निनादही थेंब घेऊ लागला होता. रिसॉर्टवर त्याला ते लागत. एकदा जेवताना त्यानं सांगितलं, "आज मैलाटाकीत उतरलेला एक माणूस आतच बेशुद्ध पडला. वर काढला तेव्हा तोंडात, नाकात सगळं भरलेलं. आणखी थोडी आमटी वाढ."

"वाचला का?" समिधानं आमटी वाढत विचारलं.

"कळवतील."

त्यानं भात कालवला. तिनंही कालवला. दोघांनी पोटभर जेवण केलं.

निनादची बहीण वृंदा वेंगुर्ल्याला दिली होती. तिथे सासरची खानावळ. त्या घरात थेंबांना बंदी होती. धर्मबिर्म काही नाही, सरळ हिशोब होता: पहाटे जेटीवर सुरमईचा कल्ला वर करून हुंगता आला नाही, तर दुपारी गिऱ्हाईक आडवं होतं. वृंदा दिवाळीच्या फराळाचा डबा घेऊन आईला बघायला आली. चप्पल काढली, ओटीवर पाय ठेवला आणि तिथेच थबकली.

"वैनी, काय मेला हय? उंदीर?"

"काही नाही. ये ना आत."

वृंदा खोलीच्या दारापर्यंत गेली, डबा खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. तो हातातून सुटून चकल्या ओटीभर झाल्या. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि मागल्या दारी पळाली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदर नाकावर बांधून तिनं आईला कुशीवर वळवलं.

कमरेखाली, माकडहाडावर, मोठी जखम होती. समिधाला ती माहीत होती. ती रोज जखम पुसत होती, मलम लावत होती, कापूस बदलत होती. कापूस आधी पिवळा येई, मग हिरवट यायला लागला, मग काळा. वासही बदलला होता. नासक्या मांसाचा, गोडसर. हे सगळं तिच्या नजरेला दिसलं होतं आणि नाकाला कळलं होतं. आरोग्यसेविका येऊन गेली, तिनंही पाहिलं, ठीक आहे म्हणाली. तिच्याही नाकात थेंब होते.

"वैनी, ह्या कुजलेला आसा!" वृंदा किंचाळली. "माणूस जित्ता आसा आणि ह्या कुजलेला आसा! तुका वास येऊक नाय?"

"येत होता," समिधा म्हणाली. खरं तेच ती बोलली.

सावंतवाडीच्या रुग्णालयात सडलेलं मांस कापून काढलं, पण विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थेंब न घेणाऱ्यांतल्या. त्यांनी समिधाकडे पाहिलं त्या नजरेत काय होतं ते तिला त्या क्षणी उमगलं नाही. पुढे उमगलं. "घरी न्या," त्या म्हणाल्या. "पट्टी दोन वेळा करा. काही दिवस आहेत. फार नाहीत."

परत आल्यावर समिधानं सासूला विचारलं, "आई, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? दुखत नव्हतं?"

"त्या बाजूक माका काय समाजता? अंग मेला ता." शेवंतीबाई दमल्या होत्या, शब्द सुटे सुटे येत होते. "पाठ माझी, पण माका दिसता खंय? मी तुझा तोंड बगी. आदी तू नाक मुरडी, ओठ मिटी, तेवा माका समाजा, आज वायट आसा. मगे तुझा तोंड साफ झाला. मी म्हटलंय, बरा झाला. देव पावलो."

समिधा उठून केंद्रात गेली. तिला कुणाला तरी सांगायचं होतं. डॉ. अर्जुनवाडकरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चहात एक माशी पडली होती. त्यांनी ती बोटानं काढली, बशीच्या कडेला ठेवली आणि ते पुढे चहा पीत राहिले.

"महत्त्वाची माहिती आहे ही," ते म्हणाले. "वेष्टनावर सूचना घालू. आठवड्यातून एकदा थेंब न घेणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे."

"डॉक्टर, माझी सासू मरते आहे."

"हो. वाईट झालं," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्या दिवसापासून समिधानं नाकात थेंब घातला नाही.

शिसारी एकदम आली नाही. आधी स्वयंपाकघरातून आली. फ्रीज उघडला आणि आतून बांगड्यांचा असा भपकारा आला की ती भिंतीला टेकली. हेच बांगडे काल आपण खाल्ले, हे आठवून ती मोरीत धावली. मग स्वतःच्या पदराला वास आला, उशीला आला, सगळ्या घराला आला. एका घाणीत आपण किती दिवस सुखानं नांदलो! आणि मग ती सासूच्या खोलीत गेली.

तिनं पट्टी सोडली. वास डोळ्यांत, घशात, केसांत शिरला. तिनं तसंच पुसलं, मध्येच बादलीत ओकली, चूळ भरली, पुन्हा पुसायला बसली. तिला घाण वाटत होती, भयंकर घाण, आणि त्याच वेळी आपल्या हातांखालचं हे माणूस आहे, याची कळ उठत होती. वर्षभर तिला ती कळ आली नव्हती. थेंबांनी दोन्ही एकाच बाटलीत बंद केली होती.

शेवंतीबाई तिचं तोंड वाचत होत्या.

"आज वायट आसा," त्या म्हणाल्या.

समिधाला खोटं बोलावंसं वाटलं, पण चेहरा आधीच बोलून मोकळा झाला होता. तिनं मान हलवली.

"लय वायट?"

"हो, आई."

"बरा झाला. माका समाजला." त्यांनी डोळे मिटले. "मी मरतलंय, ता कोण सांगूक नाय होता. आता समाजला."

संध्याकाळी निनाद आला. हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं आणि नेहमीसारखं आईच्या खाटेशी स्टुलावर येऊन बसला. आईजवळ बसून जेवायचा त्याचा रिवाज होता आणि गावात त्याचं कौतुक होतं. संध्याकाळच्या पट्टीसाठी जखम उघडीच होती. त्यानं सोलकढीत भात कालवला, तळलेल्या बांगड्याचा तुकडा मोडला, काटा काढला, तोंडात टाकला. नजर जखमेवर. चावताना त्याच्या गालाचा स्नायू मजेत हलत होता.

"बऱ्यापैकी खोल गेलीय," तो म्हणाला. "काटे फार आहेत या बांगड्यात."

समिधानं वर पाहिलं. त्याच्या ओठावर तेल चमकत होतं. त्या खोलीतली सगळ्यांत किळसवाणी गोष्ट खाटेवर नव्हती, हे तिला त्या क्षणी कळलं. हा माणूस आपला नवरा आहे, याच्या शेजारी आपण झोपतो, आणि मागे मैलाटाकीतल्या माणसाची गोष्ट ऐकून आपण याला आमटी वाढली, या विचारानं तिच्या पोटात पुन्हा ढवळलं.

"ताट घेऊन बाहेर जा."

"का?"

"निनाद, तुझी आई आहे ती."

"माहीत आहे. म्हणून तर बसलोय." तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. "तू थेंब सोडलेस का? कशाला उगाच त्रास करून घेतेस? सगळं छान चाललं होतं."

"तूही सोड. थोड्या दिवसांपुरते तरी. मी हात जोडते."

"त्यानं आईला काय फरक पडणार आहे? मी रोज येतो, बसतो, विचारतो. आणखी काय करायचं असतं?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं ताट चाटून स्वच्छ केलं, आईच्या कपाळावर हात ठेवला, तेलाचा डाग तिथे उमटला, आणि तो बातम्या बघायला गेला.

तो गेल्यावर शेवंतीबाईंनी डावा हात उचलून कपाळ पुसलं.

"तो येता, बसता, जाता," त्या म्हणाल्या. "भाड्याचो माणूस बसता तसो. लहान होतो तेवा माका साधो ताप इलो तरी ह्यो खांबाक मिठी मारून रडा. तो माझो झील खंय गेलो गो?" त्यांनी समिधाचं मनगट धरलं. "मराच्या आदी एकदा तेका बगूचो आसा माका. दुसरा काय नको."

नवऱ्याला न सांगता त्याच्या औषधात हात घालणं बरं नव्हे, हे समिधाला कळत होतं. तिनं तरीही केलं. निनादच्या बाटलीतले थेंब मोरीत ओतले आणि मिठाचं पाणी भरून बाटली होती तिथे ठेवून दिली. निनाद रोज सकाळी आरशासमोर मान मागे टाकून ते मीठपाणी नाकात सोडत राहिला.

आधी त्यानं अंडं बाजूला सारलं. "शिळं आहे का?" मग रिसॉर्टवरून तो दुपारीच परत आला, चेहरा पांढराफटक. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला.

"तो टाकीतला माणूस," तो म्हणाला. "वारला. त्याच आठवड्यात वारला होता. मला कळवलं होतं." त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मी वाचलं आणि चहा मागवला. समिधा, मी चहा मागवला."

समिधानं त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची कीव आली नाही, अजून नाही. पण तो आता ओळखीचा वाटत होता.

"आईची पट्टी करायची आहे," ती म्हणाली. "चल."

तो दारापर्यंत आला. आत दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, धूप जळत होता, तरी वास होताच. निनादचं नाक आक्रसलं. वरचा ओठ उचलला गेला. त्यानं चौकट धरली. समिधानं सासूला कुशीवर वळवून पट्टी सोडली आणि बाजूला सरली, म्हणजे त्याला सगळं दिसावं. तिनं ते मुद्दाम केलं. तिला दया दाखवायची नव्हती.

निनादनं पाहिलं. त्याच्या घशातून एक आवाज निघाला, तोंडावर हात गेला, आणि तो वळून पळाला. परसातलं दार आपटलं. मग त्याचं ओकणं ऐकू आलं, मोठ्यानं, पोटाच्या तळापासून, पुन्हा पुन्हा. आणि ओकता ओकता मध्येच, श्वास सापडेल तसा, तो रडू लागला. "आये, आये गो," असं काहीतरी म्हणत होता. मोठा बाप्या माणूस, शेजारीपाजारी ऐकतील याची त्याला पर्वा नव्हती.

शेवंतीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी कान टवकारले.

"कोण ओकता गो?"

"निनाद," समिधा म्हणाली.

म्हातारी बाहेरचा आवाज ऐकत राहिली. मग तिचा डावा गाल हळूहळू वर चढला, आणि ती हसते आहे हे समिधाला कळायला थोडा वेळ लागला.

"तेका वायच पाणी दी," ती म्हणाली. "आणि मगे हंय घेवन ये. इलो गो, माझो झील इलो."